लाखेच्या तबकडीसाठी मुंबईवारी

गोमंतकीय माणसाची मुंबईला जाण्याची कारणे ठरलेली असतात. कुणी इस्पितळासाठी जातो, कुणी लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी, तर कुणी मुलाच्या नोकरीच्या खटपटीसाठी. आम्ही उभयता २००९ च्या जानेवारीत मुंबईस गेलो ते मात्र एका जुन्या लाखेच्या तबकडीच्या शोधात. गिरगावातल्या मावशींना हे सांगितले तेव्हा त्या हातातला पोह्यांचा डबा तसाच धरून आमच्याकडे पाहत राहिल्या. “एवढ्यासाठी रात्रभर गाडीत बसून आलात?” असे त्यांनी विचारले. त्यावर आम्ही काही बोललो नाही. कारण सांगायचे तर मडगावच्या आमच्या शेजारघरापासून सुरुवात करावी लागली असती.

आमच्या शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहत. वाड्यावरची लहानथोर मंडळी त्यांना ‘पात्रांव’ म्हणून हाक मारीत. १९४६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, एक ट्रंपेट आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते आगबोटीने मुंबईस गेले. स्वरलिपी वाचण्याची विद्या त्यांनी गावच्या चर्चच्या शाळेत संपादन केली होती. पोर्तुगीज अमदानीतील या शाळांनी गोमंतकाला किती वादक दिले याची गणती कुणी ठेवली आहे काय, ठाऊक नाही. पण व्हायोलिन हाती धरण्याआधी ‘सोल्फेज’ घोकणारी मुले ज्या गावात नव्हती, असे गाव सासष्टीत आणि बारदेशात शोधावेच लागेल. पात्रांवांनी त्या विद्येच्या बळावर पुढली तीस वर्षे मुंबईत काढली. संध्याकाळी हॉटेलांतून जॅझ वाजवावे आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जावे, हा त्यांचा क्रम.

परत येताना त्यांनी तीसएक तबकड्या आणल्या होत्या. एका पावसाळ्यात कौलांतून गळती लागली आणि तबकड्यांवर बुरशी चढली. एका भल्या नातेवाइकाने, मदत म्हणून, त्या सगळ्या स्पिरिटने स्वच्छ पुसून काढल्या. आता या जुन्या तबकड्यांत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? रेघा पुसल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर सूरही. नुकसान झाले ते प्रेमापोटी झाले, म्हणून पात्रांव कुणाला एक शब्द बोलले नाहीत. पण त्या डिसेंबरात एकदा बलकांवावर बसले असताना ते आमच्या सौ.ला म्हणाले, “बाय, माझा उजवा कान गेला. डावा जायच्या मार्गावर आहे, असे डॉक्टर म्हणतात. अमेरिकेच्या तबकड्या गेल्या त्याचे काही नाही, त्या जगात कुठेही मिळतील. मुंबईत वाजलेले आमचे एखादे जॅझ मिळाले, तर कान मिटायच्या आत एकदा ऐकेन म्हणतो.”

हे ऐकून घरी आल्यावर सौ.ने आमची बॅगच बाहेर काढली.

जॅझविषयी आमचे ज्ञान तोवर यथातथाच होते. पात्रांवांनीच ते आम्हांला आपल्या परीने समजावले होते. धून सगळ्यांना ठाऊक असते, पण ती वाजवताना प्रत्येक वादक आपल्या मनाचे काही सांगत जातो आणि उद्या तेच पुन्हा तसे सांगत नाही. आपल्याकडे ख्याल गाणारा गवई बंदीश तीच ठेवून रोज नवी बढत करतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच तबकडी दुर्मिळ झाली की जी हळहळ वाटते, ती पुस्तक दुर्मिळ झाल्याच्या हळहळीपेक्षा निराळी असते. पुस्तक पुन्हा छापता येते. जॅझची तबकडी म्हणजे एका संध्याकाळी घडलेली गोष्ट. कारखान्यातले धातूचे मूळ साचे एकदा मोडीत गेले की मग ती संध्याकाळ ज्या काही प्रती लोकांच्या घरांत उरल्या असतील, तेवढ्यांतच उरते. त्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटेच मावत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मुंबईत उतरल्यावर पहिला दिवस आम्ही धोबीतलावास दिला. तेथील जेर महाल या जुन्या इमारतीत गोमंतकाच्या निरनिराळ्या गावांची ‘कुडे’ आहेत. आपापल्या गावच्या मंडळींनी आपल्या माणसांसाठी चालवलेल्या या खोल्या. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी आणि वादक यांचा मुंबईतला पहिला आसरा हाच. भिंतीलगत ट्रंकांची रांग, एका टोकाला देव्हारा आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची ‘तेर्स’. पात्रांवांच्या गावच्या कुडात आम्ही जिना चढून गेलो. तेथे असलेल्या खलाशी मुलांनी आदराने बसवून घेतले, चहा दिला. पण वादक आता तेथे कुणी उतरत नव्हते आणि तबकडी नावाची वस्तू त्या मुलांनी पाहिलेली नव्हती. पात्रांवांचे नाव सांगताच एकाने विचारले, “ते कोणत्या बोटीवर होते?” आम्ही म्हणालो, ते बोटीवर नव्हते, ते बँडमध्ये होते. तो नम्रपणे हसला. त्याला त्याचा काही बोध झाला नाही.

तेथून आम्ही अपोलो बंदरावर गेलो. ताजमहाल हॉटेलात शिरण्याचे धाडस आमच्या पायांना होईना, तेव्हा समुद्राच्या कठड्यावर बसून त्या घुमटाकडे पाहत राहिलो. मुंबईच्या जॅझचा इतिहास म्हणायचा तर तो बराचसा या वास्तूत घडला. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन निग्रो व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन येथे आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांची नावे गाजली. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने उपाहारगृहात बसता येत नसे, त्यांना येथे मानाने बोलावले जाई. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेला आणि १९४५ साली पटकीने तेथेच वारला. या मंडळींच्या शेजारी बसून वाजवता वाजवता गोमंतकीय वादक ही विद्या शिकले. स्वरलिपी वाचता येत होतीच. कागदावर नसलेले कसे वाजवावे, ते या परक्यांनी शिकवले.

त्या शिष्यांत अग्रणी म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. जगाने त्यांना ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले. लुई आर्मस्ट्राँगची वाजवण्याची ढब त्यांनी इतकी आत्मसात केली होती की त्यांना मुंबईचा आर्मस्ट्राँगच म्हणत. पण या बँडांचे दिवस फार टिकले नाहीत. १९४७ नंतर इंग्रज गिऱ्हाईक गेले, १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि हॉटेलांतील नाचाच्या रात्री ओसरल्या. वादकांनी वाद्ये उचलली आणि ते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांकडे वळले. चाल हिंदुस्तानी संगीतकार गाऊन दाखवी. ती स्वरलिपीत उतरवून पन्नास वादकांना वाटून देण्याचे काम सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय करीत. श्रेयनामावलीत मात्र संगीतकाराचे नाव असे. तबकडीच्या लेबलावर तर गायक, संगीतकार आणि चित्रपट यांपलीकडे कुणाला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी काळ्या घोड्याजवळच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये गेलो. मुंबईच्या किती पिढ्यांनी या दुकानात उभे राहून गाणी ऐकली असतील! पुढे २०१६ च्या फेब्रुवारीत ते बंद झाले. आम्ही गेलो तेव्हा चांगले गजबजलेले होते. तेथील विक्रेत्याने आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. परदेशी जॅझच्या सीडींनी भरलेली फळी दाखवली. मुंबईत तयार झालेले जुने जॅझ म्हटल्यावर मात्र त्याने मान हलवली आणि म्हणाला, “उद्या शुक्रवार आहे. पहाटे चोरबाजारात जा.”

चोरबाजाराचे वर्णन ऐकून आमची कल्पना अशी होती की तेथे खिसा सांभाळण्यातच दिवस जाईल. प्रत्यक्षात आम्हांला भेटला तो एक सभ्य आणि बहुश्रुत गृहस्थ. शुक्रवारी भल्या पहाटे जुम्म्याचा बाजार रस्त्यावरच भरतो. विजेरीच्या उजेडात नळांच्या तोट्या, घड्याळांची यंत्रे, बुटांचे एकेकटे जोड अशी सगळी दुनिया फरशीवर मांडलेली असते. त्यातून वाट काढत, विचारत विचारत आम्ही एका चिंचोळ्या दुकानाशी पोहोचलो. आत जमिनीपासून छतापर्यंत तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या होत्या. “आडव्या रचल्या तर खालच्यांवर भार येतो,” म्हाताऱ्या चाचांनी पहिला धडा दिला. धडे पुढेही चालू राहिले. तबकडी तिरकी धरून उजेडात पाहावी; सुईने झिजलेल्या रेघा राखाडी दिसतात, शाबूत रेघा काळ्याभोर चमकतात. मग एका बोटावर तोलून नखाने हलकेच टिचकी मारावी. अखंड तबकडी खणखणते. केसाएवढी जरी चीर असली तरी ‘खट्’ असा मुका आवाज येतो. हे ऐकताना बाजारात मडके वाजवून घेणारी आमची आजी आठवली.

चाचांनी प्रथम एक एल. पी. काढून दाखवली. शंकर-जयकिशन यांची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाईल’. तोडी, भैरव, मालकंस असे अकरा राग घेऊन त्यांवर जॅझच्या अंगाने केलेल्या या रचना. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो. चाचांनी सुई ठेवली आणि त्या अंधाऱ्या दुकानात मल्हार उमटला. सतारीमागून ट्रंपेट आला तेव्हा सौ.ने डोळे मिटले. किंमत विचारली तर ती आमच्या निवृत्तिवेतनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी निघाली. “परदेशातून माणसे येतात हिच्यासाठी,” चाचा म्हणाले. त्यात फुशारकी नव्हती. शिवाय ही तबकडी पात्रांवांच्या काळाच्या नंतरची. आम्ही ती दोन्ही हातांनी परत केली.

मग त्यांनी बराच वेळ शोधून चाळीसच्या दशकातील मुंबईच्या एका नाचबँडची लाखेची तबकडी काढली. आमच्या काळजाचा ठोका चुकला. चाचांनी ती बोटावर तोलली, टिचकी मारली आणि आवाज आला तो ‘खट्’. दिव्यासमोर धरली तेव्हा कडेपासून लेबलापर्यंत गेलेली चीर दिसली. “ही वाजणार नाही, साहेब. पैसे घेतले तर तो अधर्म होईल,” ते हिंदीत म्हणाले. आम्ही दोघे स्टुलावर बसून राहिलो. एवढ्या दूर येऊन हाती लागले काय, तर मुका सूर.

आमचे चेहरे पाहून चाचांना दया आली असावी. त्यांनी सगळी हकीकत विचारून घेतली, पात्रांव कोण, कधी मुंबईत होते, कुठे वाजवत. आणि मग ते हसले. “साब, जॅझ ढूंढते हो, तो फ़िल्म का बक्सा क्यों नहीं देखते? वह सारे बजानेवाले तो उधर ही गए थे.” असे म्हणून त्यांनी एक लाकडी पेटी पुढे ओढली आणि वरचीच तबकडी काढून आमच्या हाती दिली. १९५१ चा ‘अलबेला’, संगीत सी. रामचंद्र. आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर! त्यातले ते नाचाचे प्रसिद्ध गाणे, ज्यात खुद्द चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. चितळकरांच्या संगीताला जॅझचा जो झोक आहे, त्यात या वादकांचा वाटा केवढा, हे चाचांनी आम्हांला त्या दुकानात बसून सांगितले.

सौ. त्या लेबलाकडे टक लावून पाहत होती. एकदम म्हणाली, “अहो, ही तर आपल्या घरी आहे. आप्पांच्या कपाटात, नाट्यगीतांच्या खाली.”

चाचा क्षणभर थांबले आणि मग पोट धरून हसले. “तो फिर आप यहाँ क्या कर रहे हैं?”

खरेच, आम्ही तेथे काय करीत होतो? ती तबकडी तीर्थरूप आप्पांनी बेळगावहून आणली होती. आमच्या लहानपणी तिच्यावर आम्ही भावंडे नाचलो होतो. पुढे तेच गाणे रेडिओवर असंख्य वेळा ऐकले, सोबत गुणगुणलो. पण ऐकले ते गाणे. त्यामागची वाजंत्री कधी ऐकलीच नाही. कान शब्दांवर असे, गळ्यावर असे. शब्द थांबले की ट्रंपेट पुढे येई, आणि तोच नेमका आमच्या बोलण्याचा, पाणी पिण्याचा वेळ असे. एका अर्थी पात्रांवांचे नाव लेबलावर न छापणारे आणि ते न ऐकणारे, दोघेही एकाच माळेचे मणी.

चाचांकडून आम्ही ग्रामोफोनच्या पोलादी सुयांची एक डबी तेवढी विकत घेतली आणि त्याच रात्री परतीची गाडी धरली.

गाडी रोह्याच्या पुढे कोकणात शिरली तेव्हा आम्हांला अमान्सियो डिसिल्वा यांची आठवण झाली. हे नाव चाचांकडूनच कळले. १९३६ मध्ये मुंबईत गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले हे गिटारवादक साठच्या दशकात लंडनला गेले. तेथे त्यांनी जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर १९६९ मध्ये ‘हम दोनो’ ही तबकडी केली. तिची मूळ प्रत मिळवण्यासाठी संग्राहक आजही जंगजंग पछाडतात. १९७२ मध्ये त्यांनी आणखी एक ध्वनिमुद्रण केले आणि त्याला नाव दिले ‘कोकण डान्स’. लंडनच्या धुक्यात बसून या माणसाला कोकण आठवले! पण ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होण्यास २००६ साल उजाडले. डिसिल्वा १९९६ मध्येच निवर्तले होते. सूर चौतीस वर्षे पेटीत थांबला, माणसाला तितके थांबता आले नाही. आमच्या मडगावच्या माणसाचा एक कान अजून शाबूत होता, आणि गाडी नेहमीपेक्षा फार हळू चालली आहे असे आम्हांला वाटू लागले.

घरी पोहोचताच आंघोळीलाही न थांबता आप्पांचे कपाट उघडले. नाट्यगीते आणि भजने बाजूला काढली, आणि तळाशी कागदी पाकिटात ती होती. बोटावर तोलून टिचकी मारली. खणखणली! चावीचा ग्रामोफोन पुसून, त्याला चाचांची नवी सुई लावून, दुपारी तो पात्रांवांच्या बलकांवावर नेऊन ठेवला. काय आणले आहे ते सांगितले नाही. त्यांनी खुर्ची ओढून डावा कान पेटीपाशी नेला आणि हात झाकणावर ठेवला. ऐकू येणार नाही तेवढे हाताला कळावे म्हणून असेल.

गाणे सुरू झाले तेव्हा ते किंचित हसले. ओळखीचेच होते. पण वाद्यांचा तुकडा आला तसा त्यांचा उजवा हात गुडघ्यावर गेला आणि तीन बोटे आपोआप हलू लागली. ट्रंपेटच्या तीन कळा असतात, वाचकहो. तीस वर्षे न दाबलेल्या त्या कळा त्यांनी एकही न चुकता दाबल्या. तबकडी संपल्यावर ते म्हणाले, “पुन्हा लाव.” असे चार वेळा झाले.

“तुम्ही होता का यात, पात्रांव?” सौ.ने कानाशी जाऊन विचारले.

ते बराच वेळ अंगणातल्या माडाकडे पाहत राहिले. “बाय, दिवसाला दोन-दोन ध्वनिमुद्रणे असायची. कोणत्या गाण्यात कोण होते, हे कुणी लिहून ठेवले? मी होतो असे म्हटले तर खोटे ठरवणारा कुणी नाही, पण खरे म्हणणाराही कुणी उरला नाही. शपथेवर नाही सांगता येणार.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण ज्यांच्याबरोबर मी वाजवले, ती नावे मला पाठ आहेत. तू लिहून घेशील?”

सौ.ने नातवाची शाळेची वही आणली. त्या दिवशी आणि पुढल्या कित्येक संध्याकाळी पात्रांव सांगत गेले. नाव, वाद्य आणि गाव. हा लोटलीचा, हा साळगावचा, हा बाणावलीचा, याचा क्लॅरिनेट गोड होता, तो वाजवताना डावा पाय आपटायचा. एकंदर सत्तावीस नावे झाली. अठ्ठाविसावे त्यांचे स्वतःचे, ते सौ.ने त्यांच्याच हातून लिहून घेतले. वही मिटून ते म्हणाले, “देव बरें करूं.” त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांचा डावा कानही गेला. २०१३ साली ते वारले.

आमच्या त्या मुंबईवारीनंतर पुष्कळ काही घडले. मुंबईच्या या जॅझयुगावर नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे सुरेख इंग्रजी पुस्तक निघाले. जुन्या तबकड्यांवरील संगीत नव्या साधनांवर पुन्हा उपलब्ध होऊ लागले आहे. जे ऐकायला आम्ही रात्रभर प्रवास केला, त्यातले बरेचसे आता मुले घरबसल्या ऐकतात, आणि हे चांगलेच आहे. पण सूर पुन्हा मिळाला म्हणून तो वाजवणाऱ्याचे नाव आपोआप मिळत नाही. ते कुणीतरी विचारावे लागते, आणि सांगणारा असेतोवरच विचारावे लागते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. आपल्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी जुन्या तबकड्या असतील, तर त्या मोडीत देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहाव्यात, नखाने वाजवून पाहाव्यात. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नये. आणि शेजारी एखादे वृद्ध वादक राहत असतील, तर एक वही घेऊन त्यांच्या बलकांवावर जाऊन बसावे. आमची वही आता आप्पांच्या कपाटात आहे, त्या तबकडीला लागूनच. तबकडीच्या लेबलावर जी नावे मावली नाहीत, ती तिच्या शेजारी तरी असू द्यावीत, असे आम्हां दोघांना वाटले.